स्ट्रेस थॅलियम टेस्ट : काउंटरवर रोज विचारले जाणारे प्रश्न

मी न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये टेक्नॉलॉजिस्ट आहे, म्हणजे तुम्हाला सुई टोचणारा, ट्रेडमिलवर "अजून एकच मिनिट काका" म्हणणारा आणि नंतर कॅमेऱ्याखाली "हलू नका हं" म्हणणारा माणूस. डॉक्टर नाही. पण तेच तेच प्रश्न इतकी वर्षं ऐकतोय की एकदा लिहून काढावं म्हटलं. तुमच्या डॉक्टरांनी वेगळं काही सांगितलं असेल तर त्यांचंच ऐका.

ही टेस्ट नक्की बघते काय?

व्यायाम करताना हृदयाच्या स्नायूला रक्त नीट पोचतंय का, एवढंच. आणि जोडीला हृदय पंप कसा मारतंय. त्यासाठी किंचित किरणोत्सर्गी औषध शिरेतून देतात, ते रक्ताबरोबर हृदयाच्या स्नायूत जातं आणि आमचा कॅमेरा त्याचा फोटो काढतो, एकदा व्यायामाचा आणि एकदा आरामाचा.

आता "एवढंच" म्हटलं तरी इथेच सगळ्यांचा गोंधळ होतो. लोकांना वाटतं यात ब्लॉकेज दिसतात, तर नाही, ब्लॉकेज यात दिसतच नाहीत. कालव्याच्या पाण्यावर शेती असलेल्यांना हे पटकन कळतं. अँजिओग्राफी म्हणजे कालव्याच्या काठाने फिरून कुठे गाळ साचलाय ते बघणं, आणि आमची टेस्ट म्हणजे थेट शेतात जाऊन माती ओली झालीये का ते हाताने चाचपणं. गाळ दिसला म्हणजे शेत कोरडंच असेल असं नाही, आणि कालवा वरवर बरा दिसला तरी टेलच्या, म्हणजे कालव्याच्या शेवटच्या टोकाच्या, माणसाला पाणी मिळतंय का हे त्याच्या शेतात गेल्याशिवाय कळत नाही.

मग व्यायाम कशाला? झोपवूनच फोटो काढा की.

झोपलेल्या हृदयाची मागणीच कमी असते हो. रक्तवाहिनी बरीच अरुंद झाली, अगदी ८५-९० टक्के, तरी आराम करताना पलीकडचा स्नायू भागवून घेतो, कारण पुढच्या बारीक वाहिन्या आधीच सैल होऊन जास्तीत जास्त रक्त ओढून घेत असतात. पण निरोगी माणसात व्यायामाच्या वेळी हा प्रवाह ३-४ पट वाढायला पाहिजे, आणि साधारण ५० टक्क्यांच्या पुढे अरुंद झालेली वाहिनी तिथे कमी पडायला लागते. म्हणून आधी मागणी वाढवायची, मग बघायचं. एप्रिल-मे मध्ये सगळ्यांच्या मोटरी चालू झाल्यावरच टेलचं रडगाणं ऐकू येतं ना, तसंच.

साधी टीएमटी (ट्रेडमिल टेस्ट) केली होती, ती पॉझिटिव्ह आली म्हणून इकडे पाठवलं. तेच परत का?

टीएमटीत फक्त ईसीजी असतो. तो "काहीतरी गडबड आहे" सांगतो पण कुठल्या भागात आणि किती मोठ्या भागात ते धड सांगत नाही, आणि बायकांमध्ये तर उगाच पॉझिटिव्ह यायचं प्रमाण बरंच. आमच्या फोटोत हृदयाच्या डाव्या कप्प्याचे १७ भाग पाडून प्रत्येकात रक्त किती ते बघतात. डॉक्टरांना पुढचा निर्णय घ्यायला "किती मोठा भाग" हे महत्त्वाचं.

थॅलियम तर विष असतं ना? उंदराचं औषध?

हा प्रश्न आता दर आठवड्याला येतो, गूगलची कृपा. हो, थॅलियमचे क्षार पूर्वी उंदीर मारायला वापरायचे. पण पहिली गोष्ट, टेस्टमध्ये जेव्हा खरंच थॅलियम देतात तेव्हा ते इतकं नगण्य असतं की विष म्हणून त्याचा काही परिणाम होत नाही. आणि दुसरी गोष्ट, बहुतेक ठिकाणी आता थॅलियम देतच नाहीत! १९७० च्या दशकात ही टेस्ट रुळली ती थॅलियम-२०१ वर, शरीर त्याला पोटॅशियमसारखं समजून स्नायूत ओढून घेतं. मग १९९० मध्ये अमेरिकेत सेस्टामिबीला (थोडक्यात मिबी, टेक्नेशियम जोडून देतात ते औषध) मान्यता मिळाली आणि हळूहळू सगळीकडे टेक्नेशियम-९९एम आलं. नाव मात्र थॅलियमचंच चिकटलं. डालडा जसं सगळ्या वनस्पती तुपाचं नाव झालं तसं. त्यामुळे चिठ्ठीवर "स्ट्रेस थॅलियम" आणि रिपोर्टवर "टेक्नेशियम मिबी" दिसलं तर चुकीची टेस्ट झाली म्हणून भांडायला येऊ नका, एक गृहस्थ आले होते.

टेक्नेशियम का बरं मग?

दोन कारणं. थॅलियम ७३ तासांनी अर्धं होतं, टेक्नेशियम ६ तासांनी, म्हणजे शरीरात किरणोत्सर्ग कमी वेळ राहतो आणि त्यामुळे डोस जास्त देऊन फोटो स्वच्छ मिळतो. आणि सेस्टामिबी एकदा स्नायूच्या पेशीत शिरलं की तिथेच बसून राहतं, सहसा जागा बदलत नाही. म्हणजे ट्रेडमिलवर तुम्ही धापा टाकत असताना रक्त जिथे जिथे पोचलं तिथे खूण झाली, मग अर्ध्या तासाने शांतपणे कॅमेऱ्याखाली झोपवून फोटो काढला तरी तो "त्या क्षणाचा" असतो. मला इतक्या वर्षांनी पण याची गंमत वाटते खरं सांगायचं तर.

चहा एकदम बंद? अर्धा कप पण नाही?

अर्धा कप पण नाही. आदल्या दिवसापासूनच नाही, निदान १२ तास आणि बऱ्याच ठिकाणी २४ तास सांगतात. चहा, कॉफी, कोला, चॉकलेट, एनर्जी ड्रिंक, कॅफीन असलेल्या डोकेदुखीच्या गोळ्या, सगळं. डीकॅफमध्ये पण थोडं कॅफीन असतं.

लोक म्हणतात मी तर चालणार आहे, इंजेक्शनवाली टेस्ट नाहीये, मग चहाने काय होतं? होतं असं की तुम्ही चालायला लागता, गुडघा दुखतो, नाडी हवी तेवढी वर जात नाही, आणि मग आम्हाला चालण्याऐवजी ॲडिनोसिनसारखं औषध द्यावं लागतं. ते औषध ज्या जागेवर बसून रक्तवाहिन्या उघडतं त्याच जागेवर कॅफीन आधीच ठाण मांडून बसलेलं असतं. म्हणजे औषध वाया, फोटो खोटा नॉर्मल. तेव्हा सकाळी सून चहा घेऊन आली तरी नको म्हणा. आणि प्यायला असाल तर खरं सांगा, कोणी ओरडणार नाही, फार तर तारीख बदलेल.

उपाशी यायचं का?

साधारण ४ तास काही खाऊ नका, पाणी चालतं. डायबेटिसवाल्यांनी इन्सुलिन आणि गोळ्यांचं आधी विचारून ठेवा, उपाशी पोटी नेहमीचा डोस घेऊन ट्रेडमिलवर चढलं की शुगर खाली जाते आणि मग धावपळ आमची होते.

रोजच्या गोळ्या घेऊ की नको?

हे फोन करून विचारा, स्वतःच्या मनाने नको. मेटोप्रोलॉल, अटेनोलॉल असले बीटा ब्लॉकर नाडी वाढूच देत नाहीत म्हणून निदानासाठी टेस्ट असेल तर बहुतेक वेळा २४ ते ४८ तास आधी बंद करायला सांगतात. डिल्टियाझेम आणि नायट्रेट पण कधी कधी. पण आजार आधीच माहीत असेल आणि "गोळ्या चालू असताना रक्त पुरतंय का" हेच बघायचं असेल तर उलट चालू ठेवायला सांगतात. बीटा ब्लॉकर अचानक सोडणं काही लोकांना महागात पडू शकतं, म्हणून ठरवायचं काम तुमच्या कार्डिओलॉजिस्टचं. बीपीच्या इतर गोळ्या सहसा चालू.

आणि एक, पुरुष मंडळी हे बायकोसमोर सांगत नाहीत म्हणून लिहितो, सिल्डेनाफिलसारखी गोळी दोन दिवसांत घेतली असेल तर कानात का होईना सांगा. छातीत दुखलं तर आम्ही जिभेखाली नायट्रेट देतो, आणि ही दोन औषधं एकत्र आली की बीपी धाडकन पडतं.

ट्रेडमिलवर किती पळवता?

पळवत नाही, चढवतो. बहुतेक ठिकाणी ब्रूस प्रोटोकॉल असतो, सिएटलच्या डॉ. रॉबर्ट ब्रूस यांनी १९६० च्या दशकात बसवलेला. पहिली ३ मिनिटं ताशी २.७ किलोमीटर पण १० टक्के चढ, पुढची ३ मिनिटं ताशी ४ किलोमीटर आणि १२ टक्के, मग ५.४ आणि १४ टक्के, असं दर ३ मिनिटांनी वाढत जातं. पहिला टप्पा ऐकायला सोपा वाटतो पण पर्वतीच्या पायऱ्या मनात आणा, सपाट रस्ता नव्हे.

नाडी कमीत कमी किती जायला हवी याचा अंदाज असा : २२० मधून वय वजा, त्याचे ८५ टक्के. वय ६० असेल तर १६०, त्याचे ८५ टक्के १३६. एवढी नाडी गाठली, किंवा छातीत दुखायला लागलं, ईसीजी बदलला, तुम्ही पार दमलात, की हाताला आधीच लावलेल्या सुईतून डोस सोडतो. आणि त्यानंतर लगेच थांबायचं नाही!! अजून एक-दीड मिनिट चालायचं, कारण औषध स्नायूत शिरायला तेवढा वेळ लागतो आणि तुम्ही थांबलात की मागणी पडली. सगळ्यात जास्त विनवण्या आम्ही याच मिनिटात करतो, म्हणून "आता दम संपला" हे सांगायला अगदी शेवटपर्यंत थांबू नका, एक मिनिट शिल्लक असताना सांगा.

दांडी घट्ट धरून लटकू नका. आधाराला बोटं ठेवा. लटकलात की मशीनवर आकडा मोठा दिसतो, कष्ट मात्र झालेले नसतात.

चप्पल चालेल का?

नाही. बूट. साडीऐवजी पंजाबी ड्रेस किंवा ट्रॅक पँट आणा, धातूचे हुक-बटणं नकोत.

गुडघे गेलेत माझे, चालताच येत नाही.

मग औषधाने करतात. ॲडिनोसिन, डायपायरिडामोल किंवा रेगाडेनोसॉन देऊन वाहिन्या उघडतात. निरोगी वाहिनी मोकळी उघडते, अरुंद वाहिनी उघडू शकत नाही, मग फोटोत फरक दिसतो. चेहरा गरम होतो, छातीत जड वाटतं, श्वास लागल्यासारखा होतो, घाबरायचं नाही, ॲडिनोसिन तर काही सेकंदांत उतरतं आणि बाकीच्यांवर ॲमिनोफायलिन हा उतारा हाताशी असतो. दमा असेल तर मात्र आधीच सांगा, तेव्हा डोब्युटामीन वापरायचा विचार करतात.

ज्यांच्या ईसीजीत लेफ्ट बंडल ब्रांच ब्लॉक (हृदयाच्या डाव्या बाजूच्या विद्युत वाटेतला अडथळा, रक्तवाहिनीतला नव्हे) आहे किंवा पेसमेकरवर ठोके चालतात, त्यांना चालता येत असलं तरी औषधावरच करतात. त्यांना पळवलं तर मधल्या पडद्यात रक्त कमी असल्याचा खोटा भास होतो. म्हणून "मला धडधाकट असून इंजेक्शन का दिलं" असं वाटून घेऊ नका.

टेस्ट करतानाच अटॅक आला तर?

व्यायामाच्या टेस्टमध्ये गंभीर काही होण्याचं प्रमाण साधारण १० हजारांत १ सांगतात. समोर डॉक्टर, ईसीजी चालू, शॉक द्यायचं मशीन शेजारी. पण आत्ता, हे वाचताना, बसल्या जागी छातीत दुखत असेल तर ही टेस्ट तुमच्यासाठी नाही, थेट कॅज्युअल्टीत जा. नुकताच अटॅक येऊन गेलाय किंवा महाधमनीची झडप फार अरुंद आहे त्यांना पण ट्रेडमिलवर चढवत नाहीत.

रेडिएशन किती? घरात नातू आहे लहान.

टेक्नेशियमने आराम आणि व्यायाम असे दोन्ही फोटो काढले तर साधारण १० मिलीसिव्हर्टच्या (रेडिएशन मोजायचं एकक) आसपास, कॅमेरा आणि डोसप्रमाणे कमी-जास्त. जगात कुठेही नुसतं राहिलं तरी माती-आकाशातून वर्षाला सरासरी २.४ मिळतात, म्हणजे ४ वर्षांचं एका दिवसात आलं असं धरा. थॅलियमने जास्त. अगदीच काही नाही असं मी म्हणणार नाही, म्हणून तर लक्षणं नसताना "एकदा करून टाकू" म्हणून ही टेस्ट करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. पण खरंच गरज असेल तर त्या भीतीने टाळू पण नये. काही ठिकाणी आधी व्यायामाचा फोटो काढतात आणि तो स्वच्छ नॉर्मल असेल तर आरामाचा काढतच नाहीत, तेवढाच डोस वाचतो, तुमच्याकडे तशी सोय आहे का विचारा.

नातवाला त्या दिवशी मांडीवर घेऊन तासन्‌तास बसू नका, दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत १६ वा भाग उरलेला असतो. पाणी भरपूर प्या, लघवीला जाऊन या, फ्लश दोनदा करा. गरोदर असाल किंवा शंका जरी असेल तर सुई टोचायच्या आधी सांगा, बाळाला अंगावर पाजत असाल तरी सांगा.

पुढच्या आठवड्यात मुलाकडे अमेरिकेला जायचंय...

विभागाचं पत्र घेऊन जा. विमानतळावर आणि सीमेवर किरणोत्सर्ग पकडणारी यंत्रं असतात, टेक्नेशियम दोन-तीन दिवसांत जातं पण थॅलियम दिलं असेल तर काही आठवडे सुद्धा ती यंत्रं ओरडू शकतात. पत्रात कुठलं औषध, किती, कुठल्या तारखेला एवढं असलं की झालं.

सकाळी आठला बोलावलं आणि दुपारी तीनला सोडलं. इतका वेळ काय करता?

फोटो १५-२० मिनिटांचाच, बाकी सगळी वाट बघणं. सुई दिल्यावर औषध लिव्हर आणि पित्ताशयातून खाली उतरावं लागतं, नाहीतर ते हृदयाच्या खालच्या भिंतीला चिकटून असं चमकतं की खालचं काही दिसतच नाही. व्यायामानंतर १५ ते ४५ मिनिटं, आरामाच्या फोटोला ४५ ते ६०, आणि एका दिवसात दोन्ही असतील तर मध्ये काही तास, कारण दुसरा डोस पहिल्याच्या तिप्पट द्यावा लागतो. मध्ये दूध किंवा तुपकट काहीतरी खायला सांगतात, पित्त लवकर सुटावं म्हणून. हृदयाच्या पेशंटला हॉस्पिटलच वडा खायला पाठवतं हे बघून नातेवाइकांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

उशीर झाला तर चालेल ना, ट्रॅफिक...

फोन करा. तुमचा डोस तुमच्या वेळेसाठी बनवलेला असतो आणि तो बाटलीत बसल्या बसल्या संपत असतो. आमच्याकडे एक जनरेटर असतो, त्यात मॉलिब्डेनम-९९ भरलेलं, त्यातून टेक्नेशियम तयार होत राहतं आणि रोज सकाळी सलाइन फिरवून ते काढून घ्यायचं. याला आम्ही मिल्किंगच म्हणतो, गाय एकदा पिळली की पुन्हा पान्हा भरायला जवळपास एक दिवस. मग ते दूध किटमध्ये, म्हणजे सेस्टामिबीच्या कोरड्या पावडरच्या बाटलीत, घालून १० मिनिटं उकळत्या पाण्यात, आणि ते ६ तासांत वापरायचं. आणि मॉलिब्डेनम स्वतःच ६६ तासांनी अर्धं होतं म्हणून दर आठवड्याला नवी गाय.

हे मॉलिब्डेनम जगातल्या मोजक्याच, आणि बहुतेक म्हाताऱ्या, अणुभट्ट्यांत तयार होतं. २००९ च्या मे मध्ये कॅनडातली चॉक रिव्हरची भट्टी गळतीमुळे बंद पडली ती सव्वा वर्ष, आणि जगभर टेक्नेशियमची टंचाई झाली. तेव्हा "माल आला नाही, उद्या या" असा फोन आला तर तो बहाणा नसतो. आपल्याकडे मुंबईला या विषयाचं जुनं घर आहे, परळचं भाभा अणुसंशोधन केंद्राचं रेडिएशन मेडिसिन सेंटर, १९६३ पासूनचं, आणि वाशीच्या ब्रिटमधून (बोर्ड ऑफ रेडिएशन अँड आयसोटोप टेक्नॉलॉजी) देशभर किट जातात.

कॅमेऱ्याखाली हात वर का? खांदा धरलाय.

हात छातीच्या बाजूला असले तर किरण अडवतात. कॅमेरा तुमच्याभोवती अर्धं वर्तुळ फिरतो, उजव्या पुढच्या बाजूकडून डाव्या मागच्या बाजूपर्यंत. खांदा जखडलेला असेल तर झोपायच्या आधी सांगा, उशा लावता येतात. मध्येच हललात तर फोटोत खोटा डाग येतो आणि सगळं परत. झोप लागली तर चालेल, घोरलात तरी, फक्त दचकू नका.

रिपोर्टमध्ये "रिव्हर्सिबल" आणि "फिक्स्ड" लिहिलंय. कुठलं वाईट?

रिव्हर्सिबल म्हणजे व्यायामात डाग दिसला आणि आरामात भरून आला. स्नायू जिवंत आहे, मागणी वाढली की उपाशी राहतो. फिक्स्ड म्हणजे दोन्ही फोटोत डाग, बहुतेक वेळा जुन्या अटॅकचा व्रण. पण नेहमीच नाही, कधी तो स्नायू मेलेला नसून झोपी गेलेला असतो आणि ते बघायला एफडीजी पेट (साखरेसारखं किरणोत्सर्गी औषध देऊन करायचा वेगळा स्कॅन) करतात. कधी तर तो डाग आजारच नसतो, बायकांमध्ये स्तनाची आणि पुरुषांमध्ये पोटाच्या पडद्याची सावली पडते. म्हणून पालथं झोपवून परत फोटो काढला तर कंटाळू नका, सावली असेल तर ती हलते.

ईएफ (दर ठोक्याला डावा कप्पा किती टक्के रक्त बाहेर ढकलतो तो आकडा) इकोत ५५ आणि इथे ६८. कोण चुकलं?

कोणीच नाही. इको ध्वनिलहरींनी बघतं, आम्ही ईसीजीच्या तालावर एका ठोक्याचे ८ किंवा १६ तुकडे पाडून कप्पा किती भरतो किती रिकामा होतो ते मोजतो. लहान हृदय असलं, विशेषतः बारीक चणीच्या बायकांमध्ये, की आमचा आकडा जरा वरच येतो. ठोके फारच अनियमित असतील तर तो धरूच नये. एकाच पद्धतीचे आकडे एकमेकांशी ताडून बघा. आणि हो, हा आकडा पळतानाचा नसतो, पळून झाल्यावर अर्ध्या-पाऊण तासाचा असतो. त्यामुळे आरामापेक्षा तो बराच खाली गेला, किंवा व्यायामानंतर कप्पा फुगलेला दिसला, तर डॉक्टर कान टवकारतात, कारण स्नायू अजून सावरलेला नसतो.

नॉर्मल आली म्हणजे ब्लॉकेज नाही ना?

नाही, तसा अर्थ होत नाही. ३०-४० टक्क्यांचे थर असू शकतात आणि ते फुटून अटॅक येऊ शकतो. पण चांगला व्यायाम करून फोटो नॉर्मल आला तर पुढच्या वर्षभरात अटॅक किंवा हृदयविकाराने मृत्यूची शक्यता साधारण १ टक्क्याच्या खाली धरतात. डायबेटिस असेल तर ही खात्री जरा कमी आणि कमी काळ टिकते. आणि एक फसवी जागा आहे : तिन्ही वाहिन्या सारख्याच अरुंद असतील तर सगळं शेत सारखंच कमी ओलं, फोटोत फरकच दिसत नाही, कारण आमचा फोटो एका भागाची दुसऱ्याशी तुलना करतो. म्हणून ईसीजी, बीपी पडलं का, कप्पा फुगला का, हे सगळं बघून रिपोर्ट देतात. तिथे अमोनिया किंवा रुबिडियमचं पेट उजवं, ते प्रवाह आकड्यात मोजतं.

पॉझिटिव्ह आली. लगेच स्टेंट?

हे मी सांगायचं नाही, तरी सगळे मलाच विचारतात. एवढं सांगतो की २०२० मध्ये इस्केमिया नावाच्या मोठ्या अभ्यासाचे निकाल छापून आले, ५१७९ पेशंट, ज्यांच्या टेस्टमध्ये मध्यम ते जास्त भागाला रक्त कमी होतं आणि तब्येत स्थिर होती. अर्ध्यांना लगेच अँजिओ आणि जमेल तसं स्टेंट किंवा बायपास, अर्ध्यांना आधी नुसती औषधं. साधारण ३ वर्षांत मृत्यू आणि अटॅकमध्ये ठळक फरक पडला नाही, छातीत दुखणं मात्र स्टेंट-बायपासवाल्यांचं जास्त कमी झालं. डाव्या मुख्य वाहिनीत मोठा ब्लॉक असलेले आणि ईएफ ३५ च्या खालचे त्यात घेतलेले नव्हते, त्यांचा हिशोब वेगळा. तेव्हा रिपोर्ट हातात घेऊन डॉक्टरांना दोन गोष्टी विचारा, किती भाग उपाशी आहे आणि मला त्रास किती आहे. नुसतं "किती टक्के ब्लॉक" विचारत बसू नका, ते आमच्या कागदावर नसतंच.

जुने रिपोर्ट आणू का?

सगळे आणा. अँजिओची सीडी, स्टेंटचं कार्ड, आधीचा थॅलियमचा रिपोर्ट, आणि त्यातलं फोटोंचं रंगीत पान तर नक्कीच, नुसतं टाइप केलेलं नको. आणि बरोबर कोणीतरी आणा, सकाळपासून चहा नसलेल्या माणसाला एकट्याने घरी सोडायला मला बरं वाटत नाही.